दमाचा हिशेब

ओझर हे गाव माणसांसाठी वसलं आहे की विमानांसाठी, या प्रश्नाचा निकाल अजून लागायचा आहे. नाशिकहून आग्रा रोडने निघालं की वीसेक किलोमीटरवर ते लागतं. एका अंगाला द्राक्षांचे मळे, दुसऱ्या अंगाला विमानांचा कारखाना. १९६४ साली मिग विमानांचा हा कारखाना आला आणि गावाचं नावच ‘ओझर मिग’ पडलं. पुढे मिग-२७ डिसेंबर २०१९ मध्ये हवाई दलातून निवृत्त झालं, मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. मधल्या काळात इथून सुखोई उडाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इथलं पहिलं तेजसही आकाशात झेपावलं. पण लोकांच्या तोंडी गाव अजून ‘ओझर मिग’च. घर नव्याने बांधलं, आतली माणसं बदलली, तरी पोस्टमनने आजोबांच्याच नावाने हाक मारावी, तसं.

अशा गावात राहणाऱ्या माणसाला एक न्यूनगंड कायमचा जडतो. आपली निगा विमानाइतकी कोणी राखत नाही, हा तो न्यूनगंड.

विमानाचे लाड तरी किती असावेत! एवढे लाड मी दिवाळसणाच्या जावयाचेही पाहिलेले नाहीत. प्रत्येक विमानाची स्वतःची वही असते. ते किती तास उडालं, किती वेळा उतरलं, कोणता भाग कधी बसवला, कधी काढला, कोणी तपासला, सगळं त्यात सहीनिशी लिहिलेलं. इंजिनाचे ठरलेले तास भरले की ते उतरवायचं, उघडायचं आणि तपासायचं. “अहो, पण चांगलं चाललंय की अजून!” हे वाक्य तिथे चालत नाही. काही भागांचे तर तास भरोत न भरोत, वर्षं भरली की त्यांची नोकरी संपली. याउलट आमच्या घरातला मिक्सर. तो बंद पडला की त्याच्या पाठीत एक चापट मारायची, एवढीच त्याची बावीस वर्षांची देखभाल. माझी स्वतःची देखभालही साधारण त्याच पद्धतीने चालते.

मी नोकरीत विमानाला कधी हात लावला नाही. हात लावला तो फक्त त्याच्या कागदांना. पण त्या कागदांतून एक तत्त्व मला सापडलं होतं. विमान बोलत नाही. “आज पंख दुखतायत, उद्या उडतो,” असं ते म्हणू शकत नाही. म्हणून त्याचे तास मोजावे लागतात. माणूस बोलतो. दमला की ‘दमलो’ म्हणतो. मग त्याचा दम मोजायचा कशाला?

प्रश्न दिसायला सोपा आहे. त्याच्या पोटात एक अवघड प्रश्न दडलेला आहे, तो भाची आमच्याकडे राहायला आली तेव्हा बाहेर पडला.

ही भाची पळते. म्हणजे घरातून नव्हे, मैदानावर. पाच हजार मीटर हे तिचं अंतर. आमच्या पिढीत मुलगी एवढं अंतर पळाली असती तर मागून पोलिस पाठवले असते. पहिल्याच दिवशी पहाटे हिची मामी तिला चहा द्यायला गेली आणि कप घेऊन तशीच परत आली. चेहरा पांढरा. “अहो, ती निपचित पडलीय आणि स्वतःच स्वतःची नाडी बघतेय!” मी गेलो. भाचीने डोळे न उघडता दुसऱ्या हाताने मला थांबवलं, ओठ हलवत आकडे मोजले, मग उठून वहीत लिहिलं : ५२. त्याच्यापुढे झोप किती तास, अंग दुखतंय का, भूक कशी आहे, मन कसं आहे, असे रकाने. शेवटचा रकाना : ‘एकंदरीत कसं वाटतंय?’ त्यात तिने लिहिलं : ‘ठीक’.

“हे रोज?” मी विचारलं.

“रोज, मामा. सर बघतात.”

मी मनात म्हटलं, चला, घरात एक विमान आलं.

त्यानंतर मला तिच्याकडून जे शिक्षण मिळालं, त्याला खेळाचं शास्त्र म्हणतात. या शास्त्रात माणसाला सुखाने दमूही देत नाहीत. फिरत्या पट्ट्यावर उभं करतात, तोंडाला मुखवटा लावतात आणि पट्ट्याचा वेग वाढवत नेतात. छातीत गेलेल्या हवेतला प्राणवायू शरीराने जास्तीत जास्त किती वापरला, ते त्यातून कळतं. मध्येच कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब काढतात आणि त्यात लॅक्टेट किती साठलं ते पाहतात. त्यावरून कोणत्या वेगाच्या पुढे हिचे पाय फार वेळ साथ देणार नाहीत, हे सांगता येतं. पोटाचा, दंडाचा चिमटा काढून चरबी मोजतात. (हा चिमटा यंत्राचा असतो. आमच्या मास्तरांचा हाताचा असे आणि चरबी नसली तरी बसे.)

गंमत म्हणजे या विद्येतल्या मोठ्या माणसांनी सुरुवात स्वतःपासून केली. इंग्लंडचा ए. व्ही. हिल हा नोबेल मिळालेला शास्त्रज्ञ १९२० नंतरच्या दशकात पाठीवर हवेची पिशवी बांधून स्वतःच मैदानात पळाला आणि आपणच सोडलेल्या श्वासाचा हिशेब मांडत बसला. दुसऱ्याचा दम मोजण्याआधी स्वतःचा मोजावा, ही सभ्यता मला आवडली. वजन कमी करा म्हणून सांगणाऱ्या सगळ्या डॉक्टरांना ती लागू करावी असं माझं मत आहे.

पण मला खरा धक्का बसला तो गुन्नर बोर्ग या स्वीडिश गृहस्थांमुळे. हे मानसशास्त्रज्ञ. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी दमणुकीची एक पट्टी तयार केली. तिला ना तार, ना काटा, ना काच. पळणाऱ्याला विचारायचं, “किती जड जातंय?” आणि त्याने सहा ते वीसमधला एक आकडा सांगायचा. सहा म्हणजे काहीच श्रम नाहीत, तेरा म्हणजे थोडं जड, वीस म्हणजे यापुढे शक्य नाही. सहापासून का, तर आकड्याला दहाने गुणलं की तरुण माणसाच्या नाडीचे ठोके साधारण निघतात. सहाचे साठ, वीसचे दोनशे. म्हणजे माणसाच्या तोंडचा आकडा आणि त्याच्या काळजाचा आकडा अगदी शेजारी-शेजारी राहतात.

ही पट्टी मराठीत आणायला काहीच अडचण नाही. आपल्याकडे ती तयारच आहे. सहा : आरामखुर्ची. नऊ : “चाललंय.” अकरा : “काही विशेष नाही.” तेरा : “हुश्श.” पंधरा : “जरा टेकतो हं.” सतरा : “जीव मेटाकुटीला आला.” एकोणीस : “आई गं!” आणि वीसवर माणूस स्वतः काहीच सांगत नाही; शेजारी सांगतात.

मला वाटलं, यंत्रं नव्हती तेव्हाची ही सोय असेल. पण नाही. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी छप्पन्न अभ्यास एकत्र करून पाहिले. एका बाजूला नाडी, रक्त वगैरे मोजमापं आणि दुसऱ्या बाजूला खेळाडूला नुसतं विचारलेलं, की बाबा रे, कसं वाटतंय? सरावाचा ताण शरीरावर किती पडतोय हे कोण बरोबर सांगतं? विचारलेलं जिंकलं. म्हणजे मुखवटे लावून, कान टोचून, पट्टे फिरवून शास्त्र जिथे पोचलं, तिथे आपली आजी दारात बसलेली होती आणि विचारत होती, “दमलास का रे बाळा?”

आजीच कशाला, तालमीतला वस्तादही तेच विचारत आला. झोप लागली का, भूक लागते का, पोट साफ आहे का, अंग मोकळं आहे का? भाचीच्या वहीतले रकाने मी पुन्हा पाहिले. पोटाचा सोडला तर सगळे वस्तादाचेच. वस्ताद वही ठेवत नव्हता, एवढाच फरक. शिवाय नुसत्या उत्तरावर त्याचा भरवसा नसे. उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांकडेही तो पाही.

कारण इथेच ती गोम आहे. विचारणं हे सगळ्यांत चांगलं यंत्र आहे, पण त्या यंत्राला एक इंधन लागतं. उत्तर खरं असावं लागतं.

दोन-अडीच महिन्यांनी एके दिवशी भाचीची वही टेबलावर उघडी राहिली होती. सकाळची नाडी ५२ ची ५५, मग ५८, मग ६१ झालेली. झोप साडेपाच तास. शेवटच्या रकान्यात मात्र सगळीकडे ‘ठीक’, ‘ठीक’, ‘ठीक’. सरकारी फायलीवर ‘पाहिले’ असतं तसं.

“अगं, डोळे खोल गेलेत तुझे. काल जिना चढताना कठड्याला धरत होतीस. आणि इथे ‘ठीक’?”

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मामा, पुढच्या महिन्यात निवड आहे. ‘दमले’ असं लिहिलं आणि सरांनी नाव खाली सरकवलं तर? वही तेच बघतात, आणि यादीही तेच करतात.”

मी चाळीस वर्षं कागदांत काढली, पण कागदाची अडचण एवढ्या थोडक्यात मला कोणी समजावून दिली नव्हती. वही तेच बघतात आणि यादीही तेच करतात! तुम्ही आम्ही साहेबाला “काही अडचण नाही सर” म्हणतो ते दुसरं काय असतं? सासूबाईंनी “दमलीस का गं?” असं विचारल्यावर नव्या सुनेने काय उत्तर द्यायचं असतं? “छे हो!” आता या “छे हो”ला बोर्गच्या पट्टीवर कितीचा आकडा द्याल?

आमच्या बाजूचे द्राक्षवाले या बाबतीत मला गुरुस्थानी आहेत. द्राक्षातली साखर मोजायचं एक यंत्र असतं, छोट्या दुर्बिणीसारखं. रसाचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरायचं, एक डोळा मिटायचा आणि ब्रिक्सचा आकडा वाचायचा. हे यंत्र बागायतदाराच्या हातात असतं तेव्हा तो विचारतो, “घड उतरवू का अजून चार दिवस थांबू?” तेच यंत्र व्यापाऱ्याच्या हातात गेलं की तो विचारतो, “भाव किती पाडू?” यंत्र तेच, थेंब तोच, आकडाही तोच. पण पहिला आकडा द्राक्षाच्या बाजूचा असतो, दुसरा भावाच्या. बागायतदार पहिल्या आकड्याला घाबरत नाही. दुसऱ्या वेळी मात्र तो गोडातला घड निवडून पुढे करतो. यात लबाडी म्हणाल तर आहे आणि नाहीही. जिथे आकड्यावर भाव ठरतो, तिथे आकडा सजवला जातोच.

क्रिकेटमध्ये हे सगळ्या देशाने पाहिलं. डेन्मार्कच्या बांग्सबो या प्राध्यापकांची यो-यो चाचणी आपल्या संघाने लावली. वीस मीटरवर दोन खुणा, मध्ये ये-जा. यंत्र टूं करतं तेवढ्यात पोचायचं, परत यायचं, दहा सेकंद दम घ्यायचा आणि पुढच्या टूंला अधिक वेगाने पळायचं. चाचणी शहाणी आहे. मैदानावर थांबत-थांबत वारंवार पळणाऱ्याचा दम त्यातून छान कळतो. पण तिचा केला उंबरठा : १६.१. २०१८ च्या आयपीएलमध्ये अंबाती रायुडूने ६०२ धावा काढल्या, इंग्लंडच्या दौऱ्यासाठी त्याचं नाव आलं, आणि जूनमध्ये या उंबरठ्याला ठेच लागून ते गळलं. पुढे तो चाचणी उत्तीर्ण होऊन संघात परत आला, ही गोष्ट निराळी. आता तो दमदार नव्हता म्हणून गळला ते योग्यच, असं म्हणणारे होते. बॅटने काढलेल्या धावा पायाने पुन्हा काढून दाखवायच्या का, असं विचारणारेही होते. मला दोघांचंही पटतं. (मध्यमवर्गीय माणसाला दोघांचंही पटावं लागतं, नाहीतर सोसायटीत राहता येत नाही.) पण एक गोष्ट उघड आहे. उंबरठा आला की खेळाडू चाचणीतून स्वतःविषयी काही शिकत नाही. तो फक्त चाचणी शिकतो. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून मॅट्रिक झालेल्या आपल्या पिढीला हे उदाहरण देऊन समजावायला नको.

यावर एक मोठा पक्ष म्हणतो, मग सोडा ना हे शास्त्र! आपल्या नाशिक जिल्ह्यातलीच कविता राऊत बघा. हरसूलजवळच्या सावरपाड्याची पोर, लहानपणी लांबून पाणी आणत होती, अनवाणी पळत होती. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ला कोणी कान टोचून पळायला शिकवलं होतं का?

युक्तिवाद कानाला गोड आहे. पण विमानांच्या गावात राहून मला त्याचं उत्तर ठाऊक झालं आहे. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञापुढे एक सवाल आला. लढाईतून परतलेल्या विमानांवर कुठेकुठे गोळ्या लागल्या आहेत हे पाहून कुठे जादा पत्रा लावायचा ते सांगा. त्याच्या विचाराचं सार असं, की परतलेल्या विमानांना जिथे भोकं पडली आहेत, तिथे भोक पडूनही विमान परत येतं. जिथे भोकं दिसत नाहीत तिथे पत्रा लावा. कारण तिथे गोळी लागलेली विमानं मोजायला तुमच्यापुढे आलेलीच नाहीत. कविता राऊत पोचली, म्हणून आपण तिच्या अनवाणी पायांचे गोडवे गातो. त्याच रस्त्याने निघालेल्या आणि नडगीचं हाड चिरून, रक्त कमी पडून, नाहीतर नुसत्याच खचून घरी बसलेल्या पोरींची भोकं कोणी मोजली? गरिबीचा सराव म्हणून गौरव करणं हे गरीब नसलेल्यांना फार सोपं असतं. शिवाय नाशिकला तिच्यामागे प्रशिक्षक होता, घड्याळ होतं, वर्षानुवर्षांचा आखीव सराव होता. हे पाणी आणण्याच्या गोष्टीत कोणी सांगत नाही, कारण त्याने डोळ्यांत पाणी येत नाही.

तेव्हा मोजणं नको, हे मला कबूल नाही. मोजणाऱ्याने कोणाच्या बाजूने उभं राहायचं, एवढाच प्रश्न आहे.

खाशाबा जाधवांची गोष्ट आठवा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९५२ साली हेलसिंकीला गेला आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, ब्राँझ, घेऊन आला. त्या वेळची हकीकत अशी सांगतात, की एक लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना पुढच्या कुस्तीला बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विसावा मिळावा असा नियम होता. पण नियम बोलून दाखवायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा तसेच दमलेले आखाड्यात उतरले आणि हरले. मला नेहमी वाटतं, तिथे रक्त तपासणारा नको होता, छातीला पट्टा नको होता, पट्टीही नको होती. “थांबा, आमचा माणूस दमलाय” एवढं म्हणणारा एक माणूस पुरला असता. खेळाच्या सगळ्या शास्त्राचा अर्क काढला, तर तो या चार शब्दांत मावतो असं मला वाटतं. बाकीची यंत्रं या वाक्याला पुरावा जोडण्यासाठी आहेत.

इथे कोणी दत्तू भोकनळचं नाव घेईल, आणि घ्यावंच. ओझरहून हाच आग्रा रोड पुढे चांदवडला जातो. त्या तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा. विहिरी खणायचं काम केलेला, सैन्यात जाऊन वल्हं हातात घेतलेला. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्याच्या नौकेत जगात तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकट्याच्या शर्यतीच्या दिवशी तो आजारी होता, शेवटचा आला. आणि दुसऱ्या दिवशी तिघा साथीदारांबरोबर चौघांच्या नौकेत बसून त्याने सुवर्णपदक आणलं. आता सांगा, आदल्या संध्याकाळी कोणी आकडे दाखवून त्याला सक्तीने झोपवलं असतं तर? पदक गेलं असतं. आणि सगळे आकडे धोक्याचे असताना त्याला ढकललं असतं तर? कदाचित दत्तूच गेला असता. दोन्हींच्या मध्ये एकच गोष्ट उभी आहे : दत्तूचं स्वतःचं उत्तर. “झेपेल” हे त्याने स्वतःच्या मनाने म्हटलेलं असलं, तर त्याला अडवणारे आपण कोण? पण ‘झेपेल’ म्हटलं नाही तर आपलं काही खरं नाही, या भीतीने कोणी ते म्हणत असेल, तर तो होकारच नव्हे. एकच शब्द, एकदा तो माणसाचा असतो, एकदा भीतीचा. फरक ओळखणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

मी हे सगळं आमच्या एका शेजाऱ्यांना ऐकवलं. ते जन्मभर हँगरमध्ये पाने-स्क्रूड्रायव्हर फिरवून निवृत्त झाले. त्यांनी सुपारी कातरता कातरता निकाल दिला. “त्यात काय एवढं? आमच्याकडं हत्यारांचा फळा असायचा. प्रत्येक पान्याच्या आकाराची खूण फळ्यावर रंगवलेली. संध्याकाळी एक जागा रिकामी दिसली, की पाना सापडेस्तोवर विमान हलत नाही. आता ज्याच्या हातून पाना पडला, त्यानं येऊन सांगितलं पाहिजे की नाही? सांगितल्याबद्दल त्याला फाडून खाल्लात, तर पुढच्या वेळेला तो गुपचूप बाजारातून तसलाच पाना आणून फळ्यावर टांगेल. आणि पहिला पाना? तो जाईल विमानाबरोबर वर!”

मी सुपारी घेतली आणि गप्प बसलो. हजार पानांचं नीतिशास्त्र त्या पान्यात होतं. खरं सांगण्याची शिक्षा असेल तिथे फळा भरलेला दिसतो, विमान पडतं. भाचीच्या वहीतला प्रत्येक ‘ठीक’ हा बाजारातून आणून टांगलेला पाना होता.

पुढे झालं ते असं. एका सकाळी ती गेल्या पावली मैदानावरून परत आली. डोळे लाल. मामीने विचारलं तर म्हणाली, “सरांनी घरी पाठवलं. म्हणाले, ‘तू गप्प आहेस, पण तुझी नाडी बोलतेय. चार दिवस तोंड दाखवू नकोस. आणि यादीतलं नाव जिथे आहे तिथेच आहे.’” त्या दिवशी ती अकरा तास झोपली. तेव्हा आकड्यांबद्दल माझं मत असं झालं आहे : आकडा साक्षीदार म्हणून फार चांगला. माणसाला जे बोलायची भीती वाटते, ते तो निर्भयपणे सांगतो. पण म्हणून त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवू नये. आणि साक्षीदाराचं ऐकणारा न्यायाधीश आरोपीच्या अंगावर आधीच धावून जाणारा नसावा. त्या सरांना ही गोष्ट एका वाक्यात साधली. यादी आणि वही त्यांनी वेगळी केली. पुढच्याच आठवड्यात वहीच्या शेवटच्या रकान्यात पहिल्यांदा एक नवा शब्द दिसला : ‘दमले’. मला तो पदकासारखा वाटला. निवड अजून व्हायची आहे. झाली तर पेढे देईन, न झाली तरी देणार आहे. पण ते तिला आधी सांगायचं नाही.

मराठीने ‘दम’ या एका शब्दात केवढा प्रपंच मांडला आहे बघा. दम लागतो तो पळणाऱ्याला, दम देतात ते वरचे, दम धरायचा तो घरच्यांनी. यातला पहिला दम मोजायची यंत्रं निघाली, फार चांगलं झालं. दुसरा दम मोजायचं यंत्र कोणी काढलं, तर पहिल्या यंत्रांचं काम निम्म्याने कमी होईल.

हे लिहीत तीन तास एका जागी बसलो होतो. शेवटी पेन खाली ठेवलं, तेव्हा हिने स्वयंपाकघरातून विचारलं, “दमलात का हो?”

इतकं तत्त्वज्ञान नुकतंच हातावेगळं केलेलं. म्हटलं, आपण तरी खरं बोलावं. प्रामाणिकपणे सांगितलं, “तेरा.”

“तेरा म्हणजे ‘हुश्श’ ना? ‘जरा टेकतो’ पंधराला आहे. मग बरंच आहे की. गिरणीतून दळण घेऊन या. आणि येताना कोथिंबीर.”

पाहिलंत? खरं सांगितल्याची शिक्षा झाली. पुढच्या वेळी मी सतरा सांगणार आहे.